दोन्ही कानांचे पडदे

ती घटना मी विसरलेलो नाही. विसरावी असे वाटत नाही, आणि लक्षात ठेवून कोणाचे भले झाले असेही नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचे तपास लागले, आरोपींना शिक्षा झाल्या, काही जण शिक्षा भोगून बाहेर येऊन संसारालाही लागले. त्या गुन्ह्यांपुढे हे प्रकरण म्हणजे काहीच नव्हे. एक सायकल आणि चौदा वर्षांचा एक मुलगा. पण निवृत्तीनंतर लोक जेव्हा विचारतात, "साहेब, एखादी केस सांगा ना," तेव्हा मनात पहिल्यांदा हीच येते आणि मी दुसरीच कुठली तरी सांगतो.

मुलाने चोरी केली होती, हे आधीच सांगून टाकतो. कारण ही हकीकत ऐकणारा प्रत्येक जण तेच पहिल्यांदा विचारतो.

मी तेव्हा नवी मुंबईत सहाय्यक पोलीस आयुक्त होतो. माझ्या हाताखाली काही पोलीस ठाणी होती. त्यातले हे कुठले, ते मी सांगणार नाही. एका सकाळी कार्यालयात टपाल पाहत असताना रुग्णालयातून फोन आला. कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाई बोलत होत्या. जखमींच्या प्रमाणपत्रांच्या निमित्ताने आमची ओळख होती. बाई कधी विनाकारण फोन करणाऱ्या नव्हेत.

"साहेब, माझ्याकडे एक मुलगा आलाय. दोन्ही कानांचे पडदे फाटलेत. वडील सांगतात, बाथरूममध्ये घसरून पडला."

"मग?"

"पडून एक कान जाऊ शकतो. दोन्ही एकदम कसे जातील? दोन्ही कानांवर एकाच वेळी कोणीतरी जोरात हात मारले तर असं होतं. आणि अजून एक सांगते. यांच्याबरोबर साध्या कपड्यातला एक माणूस होता. 'पडला असंच लिहा' म्हणून मागेच लागला होता. त्याच्या पायात तुमच्या खात्याचे बूट होते."

मी त्यांचे आभार मानले आणि संबंधित ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना फोन लावला. त्यांच्याकडे उत्तर तयार होते. आदल्या दिवशी दुपारी एका सोसायटीच्या पार्किंगमधून गिअरची सायकल नेताना वॉचमनने एका मुलाला पकडले. गस्तीवरच्या बीट मार्शलने त्याला ठाण्यात आणले. बापाला बोलावले, समज दिली आणि मुलगा त्याच्या ताब्यात दिला. "किरकोळ मॅटर होता, सर. गुन्हा दाखल केलाच नाही. कायद्याप्रमाणे."

ते खोटे बोलत नव्हते. किरकोळ गुन्ह्यात मुलावर एफआयआर नोंदवायचा नाही, स्टेशन डायरीत नोंद करायची, पालकांना बोलवायचे, कोठडीत बसवायचे नाही, बेडी घालायची नाही, गणवेश नसलेल्या अधिकाऱ्याने त्याच्याशी बोलायचे, असे कायदा सांगतो. नोंद होती. कॅमेऱ्याचे चित्रणही मी मागवून पाहिले. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर मुलगा बसलेला दिसतो, बाजूला खुर्च्यांवर सोसायटीचे तिघे जण. मग बाक काही वेळ रिकामा दिसतो. मग मुलगा पुन्हा येऊन बसतो, मान खाली घालून. नंतर बाप येतो, सही करतो आणि दोघे निघून जातात.

"मधे कुठे गेला होता?" मी विचारले.

"लघवीला, सर."

कोणी ओरडलेले दिसत नाही, कोणी हात उगारलेला दिसत नाही. चौकशीचे आदेश मी वरून घेतले आणि त्याच संध्याकाळी मुलाच्या घरी गेलो. सरकारी गाडी रेल्वे स्टेशनजवळच सोडली, गणवेश घातला नाही.

दिघ्यात एका अरुंद इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोली. बाप परभणीकडचा, एमआयडीसीतल्या कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली माल भरायचा. आई दोन सोसायट्यांमध्ये घरकाम करायची. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली मुलाच्या शाळेच्या वह्या नीट रचून ठेवलेल्या. मी कोण ते सांगितल्याबरोबर बाप उठून उभा राहिला आणि शेवटपर्यंत बसला नाही.

"पडलं साहेब लेकरू. न्हाणीत पाय घसरला. आमाला कुणाची काई तक्रार न्हाई."

"मी तक्रार घ्यायला आलेलो नाही. मुलाशी बोलू का?"

मुलगा कोपऱ्यात बसला होता. मी विचारले, "शाळा कुठली तुझी?"

तो म्हणाला, "चौदा."

आवाज मोठा होता, शेजारी ऐकू जाईल इतका. आपण किती जोरात बोलतो ते त्याला कळत नव्हते. प्रश्न कानावर गेलाच नव्हता; अनोळखी माणूस वय विचारत असेल असे समजून त्याने उत्तर दिले होते. आई त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "कालपासून असंच करायलंय. मी जेव म्हनते, तर ह्यो म्हनतो झोप न्हाई आली."

मी खिशातला फोन काढून त्यावर मराठीत लिहिले आणि त्याच्यासमोर धरले. 'सायकल का घेतलीस?' त्याने वाचले. बापाकडे पाहिले. मग त्याच मोठ्या आवाजात म्हणाला, "गिअरवाली होती. एक फेरी मारून परत ठेवनार होतो." खरे असेल, नसेलही. त्या वयाची मुले दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

मी लिहिले, 'तुला कुठे मारले?' त्याने दोन्ही हात कानांवर ठेवले. मला जागा विचारायची होती. मी पुन्हा लिहिले, 'कुठल्या खोलीत?'

"ससा काढलाय ना भिंतीवर, तिथं."

बाप मोठ्याने म्हणाला, "काईबी बोलतंय साहेब. ताप हाय त्याला."

पण मला कळायचे ते कळले. त्या ठाण्यात ससा एकाच भिंतीवर होता. मुलांशी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून आम्ही ठाण्याठाण्यात एकेक खोली रंगवून घेतली होती. बाहेर पाटी होती, 'बालस्नेही कक्ष'. आत ससा, हत्ती, फुगे, एक लहान टेबल, थोडी खेळणी. मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून त्या खोलीत कॅमेरा बसवलेला नव्हता. कागदावर मुलगा त्या खोलीत गेलेलाच नव्हता. मग ससा त्याला कसा माहीत?

त्या खोलीची किल्ली एका महिला शिपायाकडे असे. मी तिला माझ्या कार्यालयात बोलावले. पहिल्यांदा ती ठरलेलेच बोलली. मुलगा बाकावर होता, आपण कामात होतो, काही पाहिले नाही. मी तिला पाणी दिले आणि एवढेच विचारले, "त्या दिवशी खोली कोणी उघडली?"

पोलिसांची चौकशी करणे सर्वांत अवघड. आपण कसे विचारतो, कुठे थांबतो, ते त्यांना ठाऊक असते. शेवटी ती म्हणाली, "सर, मला वाटलं आत बसवून समजावतील. म्हणून मीच उघडून दिली. हवालदार म्हणाले, 'ताई, तू जरा बाहेर थांब.' मी दाराबाहेर होते. एकच आवाज आला. ताटावर ताट आपटावं तसा. पोरगं रडलंसुद्धा नाही. बाहेर आलं आणि मलाच विचारतं, 'मॅडम, शिट्टी कोन वाजवतंय?'"

तिने लेखी जबाब दिला. हवालदाराचे नाव सांगितले आणि सही केली.

हवालदाराचे नाव ऐकून मला धक्का बसला. नवी मुंबईतल्याच खाडीकाठच्या एका जुन्या गावचा, निवृत्तीला आलेला माणूस. सबंध ठाण्यात त्याच्याइतका शांत कोणी नव्हता. भांडण घेऊन आलेल्या सासू-सुनांना चहा पाजून परत पाठवणारा. तो नाकबूल करेल म्हणून मी तयारीने बसलो होतो. त्याने टोपी टेबलावर ठेवली आणि सरळ सांगितले.

"मारला मी, साहेब. खोटं कनाला बोलू? दोन हात लावले, बस."

"का?"

"ते सोसायटीवाले समोर बसलेले. सेक्रेटरी न् अजून दोन जन. बोलतात, तुमी लोक पोरांना सोडून देता, मंग आमी कुठं जायाचा? केस केली असती तर पोराला बाल न्याय मंडळासमोर न्यायला लागला असता. निरीक्षणगृह, तारखा. पोर वाया गेला असता. मी बोललो, दोन लावतो न् सोडतो. सुधारंल. माझ्या बापानं मला वल्ह्यानं मारलेला हाय."

"त्याला आता ऐकू येत नाही."

तो हळूच म्हणाला, "येल साहेब. पोरांचं भरून येतं."

त्याला खरोखरच तसे वाटत होते. त्याच्या डोळ्यांत क्रूरपणा शोधून मला सापडला नाही. सापडला असता तर माझे काम सोपे झाले असते. त्या मुलावर आपण उपकार केले, अशी त्याची समजूत होती. आणि ती एकट्याची नव्हती. गुन्हा नोंदवू नका, असे कायदा दयेपोटी सांगतो. आमच्या ठाण्यांत त्याचा अर्थ लागतो, कागद नको, हात चालव. जिथे कागद नाही तिथे काय झाले ते विचारायला कोणी येत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींनाही मी जबाबासाठी बोलावले. सुशिक्षित, बँकेत नोकरी. ते म्हणाले, "हे बघा सर, आम्ही मारा असं कुठे म्हणालो? आम्ही म्हणालो, जरा समज द्या. आमच्याही मुलांच्या सेफ्टीचा प्रश्न आहे. आणि शेवटी चोरच होता ना तो?"

"आवाज ऐकलात?"

"आम्ही चहा घेत होतो. लक्ष नव्हतं."

मी अहवाल लिहिला. हवालदारावर मुलाला क्रूर वागणूक दिल्याचा गुन्हा नोंदवावा, अशी शिफारस केली. वैद्यकीय कागद, महिला शिपायाचा जबाब, हवालदाराची कबुली, सारे जोडले. असला गुन्हा नोंदवायला तक्रारदार पुढे यायलाच हवा असे नाही, हेही लिहिले. वरून विचारणा आली, मुलाच्या वडिलांचे म्हणणे काय? बापाला बोलावले गेले. माझ्यासमोर नव्हे, दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर. त्याने लिहून दिले की मुलगा घरी पडला आणि पोलिसांविषयी आपली तक्रार नाही.

मी पुन्हा दिघ्याला गेलो. या वेळी बाप कामावर होता, आई भेटली. मी म्हणालो, "ताई, तुम्ही तरी बोला. मी आहे."

ती म्हणाली, "तुमी किती दिवस हाव साहेब इथं?"

माझ्या बदलीचे आदेश निघाले नव्हते, पण निघणार हे मला माहीत होते.

"बिल्डिंग अनधिकृत हाय. मोठं पोरगं कंपनीत लागायचंय, त्याला पोलिसाचा दाखला लागतो. आमाला हितंच ऱ्हायचंय. तुमी चांगले हाव, पर तुमी जानार." मग तिने मला चहा विचारला. मला तो घेववला नाही.

शेवटी गुन्हा नोंदवला गेलाच नाही, फक्त विभागीय चौकशी झाली. रुग्णालयात गेलेला तो बुटांचा माणूस कोण, ते तीतही निघाले नाही. हवालदाराला सक्त ताकीद मिळाली. तो वेळेवर निवृत्त झाला; ठाण्यात शाल-नारळ देऊन निरोप झाला. महिला शिपायाची बदली वाहतूक शाखेत झाली. शिक्षा म्हणून नव्हे, असे तिला सांगण्यात आले. तिच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी कोणी तिच्याबरोबर डबा खात नसे, हे मला नंतर कळले. डॉक्टर बाईंनी मुलाच्या एका कानाचे ऑपरेशन केले. त्या कानाने थोडेफार ऐकू येऊ लागले. दुसऱ्याची आतली नस गेली होती. वर्गात काही ऐकू येत नाही म्हणून मुलाने शाळा सोडली. ऐकण्याचे मशीन मिळवून देण्यासाठी मी एका संस्थेकडे शब्द टाकला. मशीन मिळाले. मुले चिडवतात म्हणून तो ते लावत नसे.

पुढे एकदा कामानिमित्त त्या बाजूला गेलो असता बाप रस्त्यात भेटला. आता तो माझ्याशी मोकळेपणाने बोलला. मुलगा अठराचा झाला होता आणि पत्रे कापणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागला होता.

"लई आवाज असतो तिथं साहेब. कुनी टिकत न्हाई. ह्याला काई तरास व्हत न्हाई, म्हनून शेठ खूश हाय." बापाच्या चेहऱ्यावर समाधान होते. खोटे नव्हते ते.

निवृत्तीनंतर मला नव्या फौजदारांपुढे व्याख्यान द्यायला बोलावले. विषय होता, मुले आणि पोलीस. मी कलमे सांगितली नाहीत. ही हकीकत सांगितली, नावे गाळून, जशी इथे सांगितली तशी. सगळे शांतपणे ऐकत होते. काहींच्या चेहऱ्यावर खरेच दुःख दिसले. मला वाटले, एवढे तरी पोहोचले.

मग मागच्या रांगेतला एक तरुण फौजदार उठला. हुशार दिसत होता. अदबीने म्हणाला, "सर, एक शंका आहे. त्या मुलाने त्यानंतर परत कधी चोरी केली का?"

मी खोटे बोलू शकलो असतो.

"नाही," मी म्हणालो.

"थँक यू, सर," म्हणून तो खाली बसला. शेजारच्याने त्याच्याकडे पाहून हलकेच मान डोलावली.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे मला कोणी विचारले तर मी एवढेच सांगेन. नोकरीभर मी समजत आलो की अशा गोष्टी लपवल्या जातात म्हणून घडतात. उजेडात आणल्या की थांबतील. ही गोष्ट मी उजेडात आणली. डॉक्टरांनी पाहिली, वरिष्ठांनी वाचली, सेक्रेटरींनी ऐकली, आणि त्या वर्गातल्या सगळ्यांना ती कळली. कोणाला काही दिसले नाही असे झालेच नाही. सर्वांना सगळे दिसले आणि त्यांच्या हिशेबाने ते ठीकच झाले होते.