आहेराच्या साडीची बाहुली

तारामतीनं पहिली बाहुली शिवली ती कुणाला खेळायला नव्हे, चपलेनं बडवायला. आता लोक कौतुकानं सांगतात, बाईच्या हातात उपजतच कला होती म्हणून. कला कसली डोंबलाची! लग्न होऊन कळंबला आल्यापासून नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं तर ती टाचणी लावून द्यायची. तिच्या हातात सुई दिली ती तिच्या भावजयीनं, प्रेमाबाईनं.

झालं असं, की तारामतीच्या धाकट्या भावानं, कुमारनं, बेंबळीला नवं घर बांधलं. वास्तुशांतीला थोरल्या बहिणीचा मान मोठा. तिला साडी द्यायची आणि तिनं ती लगेच नेसून मांडवात यायचं. प्रेमाबाईनं पाटावर बसवून ओटी भरली, हातात साडी ठेवली. तारामती आत जाऊन नेसली आणि मिरवत बाहेर आली. तोच प्रेमाबाईची मावसबहीण महादेवी बोलून गेली, "अगं प्रेमा, ही तर तू उमरग्याच्या लग्नात नेसली हुतीस की!"

तारामतीनं निऱ्यांची कड उलटून पाहिली. आतल्या फॉलवर वाळक्या चिखलाची रेघ होती. घडी मोडलेली साडी इस्त्री मारून, नवी म्हणून, सख्ख्या नणंदेच्या अंगावर! बायका पदराआड हसल्या. कुमार पंगतीत पाणी वाढत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि तो तांब्या घेऊन पुढच्या पानाकडं गेला.

हसतील त्यांचे दात दिसतील, असं लोकांनी म्हणायचं असतं. ज्याच्या अंगावर ती साडी असते, त्याच्या अंगाची आग होते. तारामती न जेवता एसटीत बसली आणि घरी येताच कात्री घेऊन साडीवर तुटून पडली.

"अगं, निदान बोहारणीला देऊन पातेलं तरी घ्यायचं," नवरा गोरोबा म्हणाला.

"पातेलं न्हाय पायजे मला. मला ती प्रेमा पायजे!"

जुन्या परकराचं तोंड केलं, उशीतला कापूस कोंबला, काळ्या लोकरीचा उंच अंबाडा बांधला आणि अंगाला तीच साडी गुंडाळली. मग चप्पल उचलली. पण बाहुलीची मान लुळी पडली होती. प्रेमाबाई कधी मान खाली घालते का? अशा गरीब तोंडाच्या बाहुलीला मारून काय समाधान! तारामतीनं चप्पल खाली ठेवली आणि मान उसवली. चिंध्या पिळून घट्ट भरल्या. हनुवटी वर आली. मग नाकपुड्या फुगवल्या, मग ओठाचा कोपरा मुरडला. दुपार गेली, चूल थंड राहिली, आणि मारायचं राहूनच गेलं.

त्या दिवसापासून बाईला वेडच लागलं. शिंप्याकडून कातरण मागून आणायची, रस्त्यानं जाणाऱ्याच्या हनुवटीकडं टक लावून बघायची. दात दाखवणारी महादेवी झाली, मग मांडवात हसलेल्या एकेकीचा नंबर लागला. राग निवला म्हणाल तर मुळीच नाही. तिनं रागाला कामाला लावलं होतं, आणि ते काम तिला जेवणापेक्षा गोड लागत होतं. शेजारणी बाहुल्या बघून पोट धरून हसायच्या आणि विकत मागायच्या.

धाराशिवला बचत गटांचं प्रदर्शन भरलं आणि कळंबच्या गटानं तारामतीच्या बाहुल्या मांडायचं ठरवलं. बेंबळीच्या गटातून प्रेमाबाई शेवया घेऊन येणार, हे तारामतीनं आधीच विचारून ठेवलं होतं.

"ती साडीवाली बाहुली नगं नेऊस," गोरोबा म्हणाला. "माहेर तुटंल."

तरी तिनं ती बाहुली नेली आणि सगळ्यांच्या पुढं मांडली.

प्रेमाबाई आली, थबकली. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण तेवढी अक्कल असती तर तिनं चिखलाचा फॉल तरी नसता का काढला?

"वन्सं! माझ्या साडीच्या चिंध्या केल्या तुमी?"

"तुझी कशी गं?" तारामती सावकाश म्हणाली. "म्या तर मांडवात, सगळ्यांदेखत, नवी म्हणून घेतली हुती."

बेंबळीच्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मग एक हसली, आणि सगळ्याच हसल्या. यावेळी पदर कुणी तोंडाला लावला नाही. प्रेमाबाई शेवया तिथंच टाकून निघून गेली. खोटं कशाला सांगा, तारामतीला ते हसू पुरणपोळीहून गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमारची मोटारसायकल दारात उभी राहिली. तो आत आलाच नाही.

"अक्का, चार बायांत तिची अब्रू काढलीस. कालपास्नं जेवली न्हाय ती."

"माझी निघाली तवा तू पाणी वाढत हुतास. म्या बी उपाशीच गेले, ते दिसलं न्हाय तुला?"

कुमारनं मान फिरवली. एक शब्द, 'चुकलं' एवढाच, बोलला असता तर तिनं सगळ्या बाहुल्या चुलीत घातल्या असत्या. ती वाट बघत होती.

"आता पंचमीला येऊ नगंस, दिवाळीलाबी नगंस," तो म्हणाला. "माहेर संपलं तुझं."

तिच्या डोळ्यात पाणी आलं. तिनं ते पुसलं.

"थांब, कुमार."

अक्का आता माफी मागणार असं समजून तो थांबला. तारामतीनं आतून पांढऱ्या कापडाचा तुकडा आणला आणि सुईत दोरा ओवला.

"जरा उजेडात उभा ऱ्हा," ती म्हणाली. "सगळ्यांच्या केल्या, तुझी बाहुली करायला हात धजत नव्हता. आता नीट बघू दे तोंड."