यल्लव्वाच्या फोटोमागची ओळ

वडगावातल्या त्या घरात आता साड्या विणायचा माग नाही. तरी तम्मण्णा पुढच्या सोप्यातून सरळ चालत नाहीत. माग होता तिथे वळसा घेऊन भिंतीच्या कडेने जातात. साखरेच्या आजाराने डोळे गेले, पाठोपाठ बायको यल्लव्वा गेली, मग मुलाने माग विकला.

दिवसभर ते फोन ऐकत बसतात. काचेवर बोट फिरवलं, की फोन तिथे जे असेल ते वाचून दाखवतो. एकदा सून स्वरूपा म्हणाली, "मामा, विणकर सोसायटीच्या वेबसाईटवर आत्तींचा फोटो हाय."

त्यांनी साईट उघडून घेतली, बायकोच्या फोटोवर बोट टेकवलं. फोन म्हणाला, "इमेज." पुढे काही नाही.

काठी टेकत ते सोसायटीत गेले. साईटचं काम त्यांच्याच गल्लीतली सौम्या बघायची.

"तुझी साईट मुकी हाय गं. नुसतं इमेज, इमेज म्हणत्या."

"आप्पा, डोळ्यानं न दिसणारं कोण साडी बघून घेतंय?" सौम्या बोलून गेली आणि ओशाळली.

"घेत नसंल. साडी इणलेला माणूस तर हाय की म्होरं."

प्रत्येक फोटोमागे वर्णन लिहायला जागा असते. ते बघणाऱ्याला दिसत नाही, फोन मात्र ते वाचतो. सौम्याने ती जागा रिकामीच ठेवली होती. त्या दिवशी तिने सगळ्या फोटोंची वर्णनं लिहिली. दुसऱ्या दिवशी तम्मण्णा परत हजर.

"जांभळी साडी, तांबडा रुंद काठ, मागावर. एवढंच म्हणतोय फोन. बाई कुठं गेली?"

सौम्याने फोटो पुन्हा बघितला. साडी विकायची म्हणून साडीच लिहायची, ही तिथली सवय. साडीमागे उभी असलेली बाई तिच्या हिशेबात आलीच नव्हती.

"नाव घालू? पण मी काकूच म्हणायची, आप्पा. नाव काय त्यांचं?"

तम्मण्णांच्या वयाच्या माणसांत बायकोचं नाव तोंडाने घेत नाहीत. त्यांनी जन्मभर "अगं" म्हणूनच हाक मारली होती, भांडतानासुद्धा. त्यांनी मान दाराकडे वळवली. बाहेर कुणी नाही ना, याचा कानोसा घेतला. मग हळू म्हणाले, "यल्लव्वा."

सौम्या टाइप करत मोठ्याने वाचत गेली. "यल्लव्वा मागापाशी उभी आहे. मागावर जांभळी साडी, तांबडा काठ. हातात सुताचा धोटा आहे. ती हसते आहे."

"हसत्या?"

"व्हय. चांगल्या हसत्यात."

"मला वाटलं चिडली असंल. फोटोवाल्यापायी माग बंद ठेवाय लागलता. लई बोलली हुती मला."

तेव्हापासून सकाळचा चहा झाला, की त्यांचं बोट त्या फोटोवर जाई. फोन आपल्या सपाट आवाजात यल्लव्वाचं नाव घेई. स्वरूपा तेवढा वेळ मिक्सर लावत नसे.

पुढे सोसायटीने साईट नव्या माणसांकडे दिली. हलवाहलवीत जुने फोटो गेले. सौम्याने फोटोवाल्याला गाठलं. त्याच्याकडेही काही उरलं नव्हतं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं, म्हणून ती त्यांच्या घरी गेली.

तम्मण्णा पायरीवर बसले होते. "ये. ऐक," म्हणत त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर रिकामी चौकट होती, कोपऱ्यात फाटक्या चित्राची बारीक खूण. त्यांचं बोट त्या चौकटीवर टेकलं आणि फोनने सगळी ओळ वाचली. शब्द तेवढे राहिले होते.

"सौम्या, एक लिहायचं ऱ्हायलंय बघ. तिच्या डोक्यावर पदर हाय का?"

सौम्याला धोटा आठवला, हसणं आठवलं. पदर आठवेना.

"आठवत न्हाय, आप्पा."

"आठवायचं कशाला? म्होरं हाय की फोटो."

"आप्पा, तो फोटो..." सौम्या अडखळली. त्यांचं बोट काचेवर तसंच राहिलं.

"हिचाच गेला, का सगळ्यांचं?" त्यांनी विचारलं.

"सगळे जुने गेले."

"ही ओळ काढतील व्हय?"

"न्हाय. मी बोलून घेत्ये त्यांच्याशी."

त्यांनी बोट बाजूला नेलं, परत आणलं. यल्लव्वा मागापाशी उभी आहे, फोन म्हणाला. सौम्या त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. गल्लीतून माणसं ये-जा करत होती.

"पदर असंलच," तम्मण्णा म्हणाले. "यल्लव्वा पदर पडू द्यायची न्हाय."