बाईंच्या कार्डावरचं पुस्तक

…तर तेव्हापासून ग्रंथपालबाईंच्या नवऱ्यानं चहाचा पहिला घोट घेणं सोडून दिलं. कप हातात धरून बसायचे, फुंकर मारायचे, खिडकीबाहेर बघायचे, आणि बाईंनी आपल्या कपाला तोंड लावलं की मगच यांचा कप ओठाला. आधी बाईंना वाटलं, दाढ दुखत असेल. मग भाजीचंही तेच, आमटीचंही तेच. सगळ्या संसारात बायकोच्या आधी पानावर बसायचं कधी चुकवलं नाही असा हा माणूस, आणि आता म्हणायचा, "तू घे ना आधी." म्हातारपणी माया उतू चालली म्हणावं, तर उशी-पांघरूण काखेत मारून बाहेरच्या खोलीत निजायला गेलेला.

हे गृहस्थ नळखात्यातून निवृत्त झालेले. रस्त्याला कान लावून जमिनीखालची गळती हुडकायची, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता; पण स्वतःची गळती काही त्यांना कधी सापडली नाही. तोंडात तीळ भिजायचा नाही. सकाळी घरात फोडणी करपली की दुपारपर्यंत गल्लीला वास. असा माणूस गप्प बसला म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं, एवढं बाईंना कळत होतं. कुठं, ते कळत नव्हतं.

आता बाईंचं ग्रंथालय. पूर्वी तिथं पुस्तकाच्या शेवटच्या पानाला खिसा असे, खिशात चिठ्ठी, चिठ्ठीवर तारखेचा शिक्का. मग यंत्र आलं. बाई काही नव्याला नाक मुरडणाऱ्यांतल्या नव्हत्या. शिडीवर चढून धूळ खात शोधायचं पुस्तक पडद्यावर चुटकीसरशी सापडायला लागलं, तेव्हा त्यांनी यंत्रावरून लाडानं फडकंसुद्धा फिरवलं होतं. पण महिनाभरानं त्यांच्या मनात एक काटा रुतला. कोण काय वाचतं हे पूर्वी दोघांना ठाऊक असायचं, पुस्तकाला आणि बाईंना, आणि दोघंही तोंड मिटून राहायची. यंत्राला तोंड मिटताच येत नव्हतं. पुस्तक नेलं की कार्डाला जोडलेल्या फोनवर निरोप, मुदत संपली की पुन्हा निरोप. वर पडद्यावर आगाऊ शिफारस, की तुम्हाला हेही आवडेल.

या काट्याचं कुरूप झालं ते कुलूपवाल्यामुळं. कुलूपवाला म्हणजे बाईंच्या नवऱ्याचा दोस्त, कोपऱ्यावरच्या दुकानात किल्ल्या घासणारा. बोलणं असं मऊ की लोणी लाजावं. कुणावर आवाज चढवलेला गल्लीनं ऐकला नव्हता, आणि त्याच्या बायकोचा आवाज तर गल्लीनं ऐकलाच नव्हता. एकदा तो ग्रंथालयात आला, काउंटरवर किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि हसून म्हणाला, "वहिनी, यंत्र झकास आहे हो तुमचं. बायकोच्या कार्डाला नंबर माझा, दुकानात बसल्या जागी कळतं, ती काय वाचते ते."

त्यानंतर त्याची बायको आली ती पुस्तक घेऊन तशीच उभी राहिली. नवऱ्यापासून कायद्यानं वेगळं कसं व्हावं, याचं पुस्तक होतं. कार्ड काढेना, पुस्तक खाली ठेवेना. तसंच घेऊन जायचं म्हटलं तर दारातलं यंत्र किंचाळतं. बाईंनी काही विचारलं नाही. कोण काय वाचतं हे बघायचं, का वाचतं हे विचारायचं नाही, हा त्यांचा धंद्यातला जुना धर्म. कार्ड विसरून आलेल्याला पुस्तक आपल्या नावावर द्यायचं, हाही तसाच जुना. त्यांनी आपलं कार्ड यंत्राखाली सरकवलं. पुढच्या खेपेला बाईमाणसानं एकटीनं बिऱ्हाड कसं थाटावं, याचं पुस्तक. तेही बाईंच्या कार्डावर.

आणि शेवटी आलं ते पुस्तक घरातल्या विषांचं. कुठलं विष पोटात गेलं की काय होतं, हात का थरथरतात, केस का गळतात, काय करावं. पुस्तक घेताना तिचे हात थरथरत होते. कधी नव्हे ते बाईंच्या ओठांवर 'का' आला, पण त्याआधी तीच बोलली, अगदी हळू. मुदतीच्या आत हे पुस्तक परत आलं नाही तर माझ्या बहिणीला फोन करा. बहिणीचा नंबर तिनं सांगितला, बाईंनी तो पाठ केला.

गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की यंत्र आलं त्या दिवशी बाईंचा फोन दुरुस्तीला होता. आपल्या कार्डाला त्यांनी नवऱ्याचा नंबर जोडला आणि साफ विसरून गेल्या. म्हणजे कुलूपवाल्याच्या घरातलं एकेक पुस्तक बाईंच्या नवऱ्याच्या खिशात टिंग करून वाजत होतं. आधी वेगळं होण्याचा कायदा, मग एकटीचं बिऱ्हाड, मग विष. आता सांगा, कुठला नवरा पहिला घोट घेईल?

मुदत संपायच्या दिवशी बाई काउंटरवर दाराकडं डोळे लावून बसल्या. ती आली नाही. ग्रंथालय बंद करून घरी येतात तो बाहेरच्या खोलीत कुलूपवाला बसलेला, मांडीवर जुडगा. बायकोला आज बरं नाही, झोपवून आलोय, बाहेरून कुलूप घातलंय, उगाच कुणी दार वाजवून तिची झोप मोडायला नको, असं त्यानं आपणहून सांगितलं. चहा टाकते म्हणून बाई आत गेल्या, गॅस मोठा केला आणि त्या आवाजाआड बहिणीला फोन लावला. बहीण म्हणाली, निघालेच, पण मी पोचेपर्यंत त्याला उठू देऊ नका.

बाई ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि नवऱ्याचा फोन वाजला. टिंग. नवऱ्यानं वाचलं. इतक्या दिवसांचा भिजलेला तीळ अखेर बाहेर पडला.

"विषाच्या पुस्तकाची मुदत संपली म्हणे," ते म्हणाले. "अगं, तू हे वाचतेस तरी कशाला? चहात घालायला? तो वेगळं व्हायचा कायदा, ते एकटीचं बिऱ्हाड... सगळं येतं मला इथं."

बाईंच्या एका क्षणात सगळं ध्यानात आलं. चहाचा घोट, बाहेरची उशी, सगळं. खरं काय ते सांगितलं असतं तर नवरा त्याच क्षणी मोकळा झाला असता. पण ते खरं ज्याच्या कानी पडायला नको, तोच समोर बसला होता.

जुडग्यातली किल्ली किल्लीवर वाजायची थांबली. कुलूपवाला बाईंकडं बघत होता. "वहिनी," तो तसाच मऊ म्हणाला, "ही पुस्तकं तुम्ही दुसऱ्या कुणासाठी तर नेत नाही ना?" आणि उठायला म्हणून त्यानं खुर्चीचे हात धरले.

बाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. एक कप नवऱ्यापुढं सरकवला, एक त्याच्यापुढं. मग तिसऱ्या कपाचा एक घोट स्वतः घेतला, दोघांनाही दिसेल असा, आणि कुलूपवाल्यापुढं हात पसरला.

"मीच वाचते, भाऊजी, आणि अजून वाचून संपलेलं नाही. बसा, चहा निवतोय, यांना एकट्यानं प्यायची भीती वाटते हल्ली. तुमच्या घराची किल्ली तेवढी द्या इकडं, साखर कमी पडलीय, मी वाटीभर घेऊन येते."