रविवारी अकरा वाजता

रामटेके सरांशी माझी पहिली ओळख बोलणी खाऊनच झाली. दिल्लीच्या दूरसंचार कार्यालयात मी नवी होते. टॉवर नसलेल्या गावांच्या यादीत एक गाव माझ्याकडून चुकून खाली गेलं. सर म्हणाले, "मॅडम, तिथली माणसं एका फोनसाठी डोंगर चढतात. एकदा चढून बघा." मला राग आला. पुढची बारा वर्षं मात्र त्यांच्यामागून डोंगरच चढले.

नवा टॉवर सुरू झाला की पहिला फोन मुख्यालयाला करायचा, हा रिवाज. सरांनी तो कधी पाळला नाही. उत्तराखंडातल्या एका गावी त्यांनी आपला फोन एका सुनेच्या हाती दिला. तिचा नवरा नोएडाच्या कारखान्यात होता. तिचं बोलणं संपेना, आणि माझ्या फोनवर मोठे साहेब ओरडू लागले, "टावर चालू हुआ कि नहीं?" सर शांतपणे म्हणाले, "हुआ साहब. अभी बहू बात कर रही है."

सरांचं स्वतःचं गाव गडचिरोलीच्या जंगलात. यादीत ते जरा वर सरकलं की सर पुन्हा खाली नेत. "माझं गाव आहे, लोक बोलतील." इथे सर चुकले, हे मी त्यांच्या या गौरवग्रंथातही लिहिणार.

त्यांच्या आई दर रविवारी अकरा वाजता गावामागच्या टेकडीवर चढून फोन करायच्या. एकदा आर. के. पुरमच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये मी तो ऐकला.

"बाबू, आयकू येऊन राह्यलं का?"

"जयभीम, आई. ऊन झालं, खाली उतर आता."

"थांब ना थोडा. आत्ताच तं चढली मी."

तेवढ्यात फोन कटला.

वर्षभरापासून आईंना टेकडी चढवत नाही. सरांची पुतणी अधूनमधून वर जाऊन खुशाली कळवते, तेवढंच. तरीही रविवारी अकरा वाजता सर बाल्कनीत फोन घेऊन बसतात. विचारलं तर म्हणतात, "सवय आहे." मला ते बघवत नाही.

सर रजेवर असताना आम्ही यादी नियमाप्रमाणे लावली. त्यांचं गाव आपसूक वर आलं. टॉवर उभा राहिलाय, फक्त वीज जोडायची आहे. सर, हे तुम्हाला या पानावरच कळतंय.

तुमची साठी झाली. तब्येत अशीच ठणठणीत राहो, शंभरीलाही आम्हीच लेख लिहू. पण आज माझं खरं मागणं आईंकडे आहे. आई, अजून थोडं थांबा. पहिला फोन तुमच्या अंगणातून लागणार आहे, आणि तुमचा बाबू बाल्कनीत बसलेला आहे.