वेखंडाच्या घड्या

सलीमाबी किंचाळली की माझ्या दौतीतली शाई सांडायची. वर्षातून दोन-तीनदा तरी हे ठरलेलं. पुण्यात बुधवार पेठेतल्या पेशवे सरकारच्या डेऱ्यांच्या, म्हणजे तंबूंच्या, कोठारात मी कारकून. ओसरीवर माझी बैठक, समोर चौक, आणि चौकाच्या कडेला कडुनिंबाखाली डेरे दुरुस्त करणाऱ्या बायका. स्वारीवरून फाटके डेरे उंटांवर लादून परत यायचे. त्यांचे गठ्ठे सोडायचे, कापड उन्हात टाकायचं, फाटलं असेल तिथे दाभणाने शिवायचं, हे या बायकांचं काम. आणि महिनोन्महिने घडीत पडलेल्या कापडात कोळी नाही राहणार तर काय राघू-मैना राहणार?

पण हे सलीमाबीला कोण समजावणार! बाई एरवी भित्री नव्हती. चौकात एकदा नाग निघाला तेव्हा आम्ही पुरुष ओसरीवर चढलो आणि हिने टोपली पालथी घालून त्याला धरला. पण घडीतून कोळी निघाला की दाभण एकीकडे, ओढणी दुसरीकडे आणि सलीमाबी थेट निंबाच्या पारावर. कर्नाटकच्या स्वारीवरून येणारे कोळीही साधेसुधे नसायचे. तळहाताएवढे, केसाळ, आणि उजेड दिसला की नेमके माणसाकडे धाव घेणारे. असला कोळी अंगावरून गेला की गांधी उठतात, असं सगळ्याच बायका म्हणायच्या, पण सलीमाबीच्या अंगावर तो नुसता दिसला तरी काटा उभा राहायचा.

मारू मात्र द्यायची नाही. पैगंबरसाहेब गुहेत असताना कोळ्याने गुहेच्या तोंडाशी जाळं विणलं आणि मागावरचे लोक ते अखंड जाळं बघून परत फिरले, हे तिला तिच्या आजीने सांगितलेलं.

"त्यांचे उपकार आहेत आमच्यावर," ती पारावर उभी राहून म्हणायची.

"मग ओरडता कशाला?" मी विचारायचो.

"उपकार आपल्या जागी, पंत. पण पाय आठ आहेत."

मग आमचे मुख्य फरास, म्हणजे डेरे लावणाऱ्यांचे म्होरके, दादामियाँ शांतपणे उठायचे, कोळ्याला सुपात घ्यायचे आणि मागच्या भिंतीवर सोडून यायचे. मी मोठमोठ्याने हसायचो. हसताना पाय गादीवर वर का घेतो, हे कुणाच्या लक्षात येत नसावं असं मला वाटायचं.

तिचं लग्न झालं ते आमच्याच कोठारातल्या मकबूलशी. मकबूल स्वारीबरोबर जाणारा फरास होता. मुक्काम पडला की डेरे उभे करायचे, फाटले तर तिथेच शिवायचे, मुक्काम हलला की घड्या घालायच्या. उंच, मितभाषी माणूस. त्याचा टाका ओळखू यायचा, कारण शेवटी तो निळ्या दोऱ्याची एक गाठ मारायचा. आणि त्याची घडी तर आंधळ्यानेही ओळखली असती. कापडाची शिवण तो नेहमी आतल्या बाजूला घ्यायचा, म्हणजे उंटावर घासून टाके उसवायला नकोत. बाकीचे फरास घाईत असायचे, शिवण जाईल तिकडे जाईल. मकबूलला घाई कधी नसायची.

लग्नानंतरच्या पहिल्या स्वारीवरून त्याने घडी घातलेला गठ्ठा आला, तो सलीमाबीच्या वाट्याला. ती दोर सोडताना अर्धी पाराकडे सरकलेलीच होती. पहिली घडी उघडली. काही नाही. दुसरी उघडली, आणि चौकात वेखंडाचा वास पसरला. प्रत्येक घडीत चिंधीत बांधलेला वेखंडाचा तुकडा होता. वेखंड असेल तिथे किडा-कोळी फिरकत नाही. त्या अख्ख्या गठ्ठ्यात एकही कोळी निघाला नाही.

"अगं बाई, हे डेरे आहेत की बाळंतिणीची खोली?" सोजरबाई म्हणाली. ती सगळ्यांत वयस्क, आणि तिच्या जिभेला सुट्टी ठाऊक नव्हती. बायका पोट धरून हसल्या. सलीमाबी लाजेने लाल झाली, पण तिने एकेक तुकडा वेचला आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारली. त्या दिवशी ती चौकात गुणगुणत होती. मला तो दिवस नीट आठवतो, कारण मी तिला गप्प बसायला सांगितलं होतं.

पुढे हे दरवर्षीचंच झालं. मकबूलच्या गठ्ठ्यांना वेखंडाचा वास, बाकीच्यांच्या गठ्ठ्यांत कोळी. दोघांनाही अक्षर ओळखीचं नव्हतं, निरोप आणणारा कुणी भेटला तर भेटला. गठ्ठा उघडला आणि वास आला, की नवरा सुखरूप आहे आणि आपली आठवण काढतो आहे, हे तिला कळायचं. तेवढ्यावर तिचे सहा-सात महिने निघायचे.

थोरल्या माधवरावसाहेबांच्या कारकिर्दीतली ती कर्नाटकची शेवटची मोठी मोहीम. मकबूल दसऱ्यानंतर गेला. मार्गशीर्षात पहिले गठ्ठे आले, त्यांत वेखंड होतं. संक्रांतीनंतर दुसरे आले, त्यांतही होतं. होळीच्या आसपास तिसरे आले.

सलीमाबीने कोपऱ्यातून डोकावणारी निळी गाठ बघून, घडी न न्याहाळताच, आपला गठ्ठा निवडला. आता त्याचा गठ्ठा म्हणजे ती निर्धास्त. मागे सरकली नाही, की काठीने आपटून घेतला नाही. सरळ घडीत हात घातला.

अशी किंकाळी मी त्याआधी ऐकली नव्हती. तीन कोळी तिच्या मनगटावरून बाहेर पळाले आणि चौथा बाहीवरच बसला. दौत सांडली. आणि मी, मूर्ख माणूस, ओरडलो, "काय सलीमाबी, यंदा मकबूलने वेखंडाऐवजी पाहुणेच पाठवले वाटतं!" सगळे हसले. ते वाक्य आज आठवलं की मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

ती पाराकडे पळाली नाही. बाहीवरचा कोळी तसाच होता आणि ती घडीकडे बघत होती. मग तिने दुसऱ्या घडीत हात घातला, तिसऱ्या, चौथ्या. जाळी तुटत होती, कोळी तिच्या हातांवरून धावत होते, आणि ती शेवटच्या घडीपर्यंत चाचपत गेली. तेव्हा कुठे आमचं हसू थांबलं.

दादामियाँ जवळ आले. त्यांनी कापड उजेडात धरलं. "पोरी, घाबरू नकोस. हे बघ, ताजे टाके आहेत. निळी गाठ आहे. हात त्याचाच आहे. आहे तो."

"टाका त्यांचा आहे, चाचा," ती म्हणाली. "घडी त्यांची नाही."

शिवण बाहेरच्या बाजूला होती. मलासुद्धा दिसली. म्हणजे डेरा शिवला तेव्हा मकबूल होता, आणि मुक्काम हलताना घडी घालायला मकबूल नव्हता. या दोहोंच्या मधे काय घडलं, ते त्या कापडावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

फौज परतली तेव्हा जितकी तोंडं तितक्या हकिकती. कुणी म्हणालं, तापाने फणफणला होता, तुंगभद्रेच्या अलीकडे एका गावात ठेवून पुढे आलो. कुणी म्हणालं, तो दुसराच कुणी होता. कबर पाहिलेला माणूस एकही नाही, आणि जिवंत पाहिलेलाही नाही. सलीमाबीने बांगड्या फोडल्या नाहीत. नातेवाईक बोलले, सोजरबाईनेही एकदा बोलून बघितलं. "माती दिलेली कुणी पाहिली का?" एवढंच ती विचारायची.

तेव्हापासून कर्नाटकातून आलेला प्रत्येक गठ्ठा ती स्वतः उघडू लागली. भीती गेली म्हणाल तर मुळीच नाही. हात घालण्याआधी डोळे मिटायची, ओठ पांढरे पडायचे, कोळी निघाला की तशीच किंचाळायची. दादामियाँ म्हणायचे, गठ्ठा आधी आपटून घेऊ, कोळी पडून जातील. ती नको म्हणायची. आपटलं तर वेखंडही पडून जाईल, कुठल्या घडीत होतं ते कळणार नाही. एकदा माझ्यासमोर हात धुताना म्हणाली, "पंत, एकदा तरी एखादी घडी कोळ्यांवाचून निघावी हो. एकच."

हे ऐकून मी जे केलं, ते शहाण्या माणसाने केलं नसतं. तिसऱ्या वर्षी एक गठ्ठा आला. दुपारी बायका जेवायला गेल्या तेव्हा मी चौकाचं दार लोटलं आणि तो सोडला. आता सांगायला हरकत नाही, कोळ्याची भीती माझ्याइतकी त्या कोठारात कुणालाच नव्हती. सात कोळी होते. दौतीखालच्या फळीने एकेक उचलला आणि निंबावर सोडला. घामाने अंगरखा भिजला, आणि एकदा तर मी तोंडावर हात दाबून रडलोसुद्धा. मग आदल्या दिवशी आणलेलं वेखंड घड्यांत ठेवलं, होत्या तशा घड्या घातल्या, दोर बांधला, आणि साळसूदपणे लिहीत बसलो.

ती आली. डोळे मिटून हात घातला. काही नाही. डोळे उघडले. दुसरी घडी उघडली, आणि वास आला.

सलीमाबी खाली बसली. तिने चिंधी नाकाशी धरली आणि तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आपण जन्मात एक तरी काम बरं केलं. तिसरी घडी ती हसतच उघडत होती. चौथ्या घडीवर तिचा हात थांबला. कापडाच्या काठावरून बोट फिरवलं, आणि वर न बघता म्हणाली, "पंत, शिवण बाहेर ठेवलीत."

"किती होते?"

"सात."

"हाताने काढलेत?"

"फळीने."

"तुम्हाला तर भीती वाटते. पाय वर घेता ते दिसतं मला." ती हसली, आणि हसता हसता तिला हुंदका फुटला. मग ती जी रडली ती दिवे लागेपर्यंत. मकबूल गेल्यानंतर ती चौकात पहिल्यांदाच रडत होती, आणि ते मी घडवलं होतं. सोजरबाईने मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळं खरं होतं.

मला वाटलं, ही आता माझ्याशी बोलायची नाही. पण त्या वर्षीच्या दसऱ्याला, डेरे बाहेर पडायच्या वेळी, ती ओसरीपाशी आली. "कर्नाटकात जाणाऱ्या डेऱ्यांच्या घड्या मी घालणार," म्हणाली. ते पुरुषांचं काम. दादामियाँनी कपाळाला आठ्या घातल्या, मग मान हलवली.

तिने घड्या घातल्या, शिवण आत घेऊन, एकही सुरकुती न ठेवता. आणि प्रत्येक घडीत चिंधीत बांधलेलं वेखंड ठेवलं. मी काही विचारलं नव्हतं, तरी तिनेच सांगितलं.

"ते जिथे असतील तिथे कधीतरी डेरे येतील. डेरा दिसला की ते हात लावल्याशिवाय राहायचे नाहीत. उघडला की कळेल त्यांना, मी आहे."

अशी सोळा वर्षं गेली. दादामियाँ गेले, सोजरबाई गेली. येणाऱ्या घड्यांत सलीमाबी हात घालत राहिली आणि किंचाळत राहिली, जाणाऱ्या घड्यांत वेखंड ठेवत राहिली. तिचे केस पिकले. मी हसायचं केव्हाच सोडलं होतं. कोळी निघाला की मीच फळी घेऊन उठायचो, आणि ती पारावरून म्हणायची, "हळू, पंत, पाय मोडेल त्याचा."

यंदा श्रावणात ती तापाने गेली. चार दिवसांत आटोपलं. शेवटचा डेरा तिने आजाराच्या आदल्या दिवशी शिवून ठेवला होता. टाक्याच्या शेवटी निळी गाठ होती. मकबूलसारखी गाठ ती कधीपासून मारू लागली, ते मला माहीत नाही.

आता पुन्हा कर्नाटकची स्वारी निघते आहे. काल तो डेरा मी चौकात पसरला. नव्या फरासाला हात लावू दिला नाही. शिवण आत घ्यायचा तीनदा प्रयत्न केला, पण माझ्या हातांना ते वळण नाही. घडी वाकडीच झाली, शिवण एका बाजूने बाहेर डोकावतेच आहे. मग वेखंड हातात घेतलं. न ठेवावं, तर त्याला वाटेल ती विसरली. ठेवावं, तर तो घडी बघेल.

शेवटी ठेवलं. मकबूल कुठे असलाच, आणि त्याने हा डेरा उघडलाच, तर त्याला सांगायला कुणी लागणार नाही. टाका तिचा आहे, घडी तिची नाही.