सीडीत न मावलेली हळद

मुलीचं लग्न अमरावतीला झालं, तेव्हा बार्शीटाकळीहून माझी मोठी बहीण आली, पण तिच्या गल्लीतल्या बाया काही येऊ शकल्या नाहीत. तिकडे लग्नाची शूटिंग आली की शेजारणींना बोलावून दाखवायची, चहा-चिवडा द्यायचा आणि पडद्यावर जी दिसेल तिची थट्टा करायची, अशी रीत आहे. ताईनं रविवारचं बोलावणं देऊनही टाकलं. तिच्या टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेअर, आणि फोटोवाल्यानं दिला पेन ड्राइव्ह; डिस्क करून देणं त्यानं केव्हाच सोडलं होतं.

"त्यात काय, माझ्या लॅपटॉपवर चुटकीसरशी करतो," मी फोनवर फुशारकी मारली.

शनिवारी अकोल्याला घरी बसून कोरी डीव्हीडी घातली. लॅपटॉपचा डिस्क ड्राइव्ह घरघरला, गप्प झाला आणि डिस्क घाला म्हणून सांगू लागला. दुसरी घातली, तिसरी घातली, तेच. कान साफ करायच्या काडीनं ड्राइव्हमधलं भिंग पुसलं, तो चालवणारं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, लॅपटॉप बंद-चालू केला. गाण्यांची जुनी डीव्हीडी मात्र बिनतक्रार वाजली. म्हणजे ड्राइव्ह ठीक, माल नकली. मी तणतणत दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला नको ते बोललो. त्यानं मुकाट्यानं दुसऱ्या कंपनीच्या दिल्या. त्याही चालल्या नाहीत, तेव्हा कुठे ड्राइव्हच्या तोंडावरची बारीक अक्षरं मी चष्मा लावून वाचली. हा ड्राइव्ह डीव्हीडी नुसती वाचत होता, लिहायचा फक्त सीडीवर. इतकी वर्षं वापरूनही मला ते ठाऊक नव्हतं. त्या दुकानावरून मी हल्ली जात नाही.

कपाटात एक कोरी सीडी सापडली. ती ड्राइव्हनं लगेच ओळखली. पण तीन तासांचं लग्न, आणि सीडीत मावणार जेमतेम तासभर. बाहेरून कुठून डीव्हीडी करून आणली असती, पण मग फुशारकीचं काय? काटछाट करायला बसलो. मंगलाष्टकं ठेवली, जेवणावळ थोडी ठेवली. माझ्या ऑफिसचे साहेब स्टेजवर आले होते, ते अख्खे ठेवले. हळद पूर्ण काढली. हळदीत काय बघायचंय, असं मला खरंच वाटलं.

रविवारी ताईनं दारातच विचारलं, "सारं हाय ना रे त्याच्यात?"

"सारं आहे," मी म्हणालो.

खोली बायांनी भरली. ताईनं नवी पिवळी साडी नेसली होती, हळदीच्या दिवशी नेसलेली तीच. तेव्हाही मला काही कळलं नाही. सीडी सुरू झाली. साहेब आले, साहेबांची मिसेस आली, साहेब पुन्हा आले. मंगलाष्टकं संपली. एक शेजारीण म्हणाली, "काहून वं माय, पोरीले पयली हळद तं तूच लावली म्हने ना? तू तं कुठीच दिसून नाही राहिली."

तेव्हा मला आठवलं. आत्या म्हणून पहिला मान तिचा होता. मुलीच्या गालाला हळद लावताना ती रडली होती, आणि कॅमेरा तिच्यावरून हलला नव्हता. मीच तो भाग कापला होता. मान खाली घालून मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसलो.

"मीच त्याले सांगतलं होतं," ताई म्हणाली, "माहं नको ठेवू म्हनून. साडी चांगली नव्हती त्या दिवशी."

हीच हळदीची साडी म्हणून तिनं मघाशी सगळ्यांना दाखवली होती; बाया तिच्या अंगावरच्या त्या साडीकडे बघत होत्या.

त्या गेल्यावर मी म्हणालो, "ताई, पुढच्या रविवारी पूर्ण करून आणतो. बाहेरून करून आणतो."

ती कपबशा गोळा करत होती. "आन बापा," ती म्हणाली, "पन आता त्या बाया कायले येतीन पुन्हा?"