चेहऱ्यावर नाही ते काढायचं नाही

माझ्या थोरल्या जावेला थिएटरात सगळे रेघबाई म्हणतात. माणसाला म्हातारं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. पंचविशीतला नट तिच्या खुर्चीत बसला की तासाभरात सत्तरीचा होऊन उठतो. बावीस वर्षं ती हेच करतेय आणि त्यातली नऊ वर्षं मी तिच्या हाताखाली आहे. स्पंज धुणं, पेन्सिलींना टोक काढणं आणि तिची बोलणी खाणं हे माझं काम. मीही तिला परत चार ऐकवते. आम्हा दोघींच्याही नाकावर राग, म्हणून तर पटतं.

तिची एक रीत आहे. समोर बसवलं की आधी सांगणार, "हस. दात दिसू देत, लाजतोस काय!" गालावर घडी पडली की तिथेच तपकिरी पेन्सिल टेकवणार. मग म्हणणार, "आता वैताग. घरमालक दारात उभा आहे असं समज." कपाळावर आठ्या आल्या की त्या धरणार. शेजारून फिकट रंग लावून बोटाने विरवला की सुरकुती तयार. मनाने एक रेघ ओढत नाही. चेहऱ्यावर नाही ते काढायचं नाही, हा तिचा कायदा. एकदा एक बडा नट म्हणाला, "डोळ्यांखाली जरा जास्त काढा." हिने पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि चहाला निघून गेली.

हा सगळा तोरा थिएटरात. घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. आमच्या एकत्र घरात राज्य भाऊजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. त्यांची सोळा वर्षांची एकुलती एक पोरगी. वर्षापूर्वी भाऊजींनी तिच्या पलंगासमोर अभ्यासाचं वेळापत्रक चिकटवलं. आधी तिचं पोहणं बंद केलं, मग मैत्रिणी, मग जेवताना बोलणंसुद्धा. "वेळ जातो," म्हणे! वेळ काय ह्यांच्या बापाचा होता? आणि आता एका सोमवारी तिला दोन वर्षांसाठी लांबच्या निवासी क्लासला धाडायचं ठरलं होतं. तिथे वर्षातून आठ दिवस सुट्टी, फोन रविवारी दहा मिनिटं. पोरगी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आम्हीही गप्प. बाहेर जगाशी भांडणाऱ्या आम्ही दोघी घरात मात्र मूग गिळून बसलो. आठवलं की आजही माझं मलाच थोबाडावंसं वाटतं.

त्याच्या दोन दिवस आधी, शनिवारी, शाळेत निरोपाचा कार्यक्रम होता. शेवटच्या वर्गातल्या पाच जणांचं नाटुकलं होतं, 'आम्ही, तीस वर्षांनी'. वर्गाच्या बाईंनी फारच गळ घातली म्हणून भाऊजींनी पोरीला दोन तास सोडलं. रंगवायचं काम अर्थात रेघबाईकडे.

प्रयोगशाळेत आरसा लावला. पहिला बसला वर्गातला विदूषक. हसायला सांगायचीच गरज नव्हती. डोळ्यांच्या कडांना अशा घड्या पडल्या की रेघबाईची पेन्सिल पळतच सुटली. केसांना पावडर फासून आरशात बघतो तर काय! "अरेच्चा, मी तर बरा दिसतोय," म्हणाला आणि परत हसला. मग दोघी जिवलग मैत्रिणी बसल्या. रंगवून झाल्यावर एकमेकींकडे टकामका बघत राहिल्या. एकीने हळूच विचारलं, "आपण तेव्हाही बोलत असू का गं?" दुसरी म्हणाली, "गप ए." पण त्यानंतर दोघींनी एकमेकींचा हात काही सोडला नाही. चौथा एक चष्मेवाला होता, त्याचंही झालं.

मग आमची बसली.

"हस," रेघबाई म्हणाली.

पोरीने ओठ ताणले. गाल जागचे हलले नाहीत.

"नीट हस गं. रोज हसतेस तशी."

"हेच आहे," ती म्हणाली.

विदूषकाने माकडचेष्टा केल्या, मैत्रिणींनी गुदगुल्या केल्या. काही नाही. रेघबाई दोन मिनिटं पेन्सिल हवेत धरून उभी राहिली. मग रुक्ष आवाजात म्हणाली, "वैताग." आणि क्षणात आल्या सगळ्या! भुवयांमध्ये दोन उभ्या, कपाळावर तीन आडव्या, ओठांच्या कोपऱ्यातून थेट हनुवटीपर्यंत खाली. सोळा वर्षांच्या पोरीला! रेघबाईने त्या तेवढ्या काढल्या. वर्गाच्या बाई मागून म्हणाल्या, "अहो, दोन हसऱ्या घाला की आपल्या मनाने." रेघबाईने नकारार्थी मान हलवली.  पेन्सिल डबीत टाकून दिली.

पोरीने आरशात बघितलं. भुवयांमधल्या रेघेवर बोट फिरवलं. 

तेवढ्यात दारात भाऊजी. हातात घड्याळ. "आटपलं का? उजळणी राहिलीय अजून."

रेघबाईने पोरीचं मनगट धरलं, तिला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं आणि असा आवाज लावला की सभागृहात बसलेल्यांनाही ऐकू गेला असेल. "बघा! नीट बघा. सेहेचाळीस वर्षांची झाली तुमची मुलगी. हिच्या चेहऱ्यावर मला एक हसरी रेघ सापडली नाही, एक! ही सोमवारी कुठेही जाणार नाही."

"डोकं फिरलंय तुझं. पुढचं कोण बघणार?"

"पुढचंच बघतेय मी! हे समोर काय आहे?"

"चारचौघांत तमाशा नको."

"तमाशाच करणार!" हे मी ओरडले. माझ्याच्याने राहवेना. "भाऊजी, नेऊन तर दाखवा तिला!"

भाऊजी पोरीकडे बघत राहिले.  मग वळले आणि बाहेर गेले. मला वाटलं, जिंकलो. रेघबाईने पोरीला जवळ घ्यायला हात पुढे केला.

पोरगी मागे सरकली.

"आई, तू दिवसभर लोकांचे चेहरे बघतेस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण राग असा की मला तिच्याकडे बघवेना. "माझा वर्षभर तुझ्यासमोर होता. आणि काकू, तुझ्याही. आज पेन्सिल घेतल्यावर दिसला होय?"

  आतून नाटुकल्याचा पुकारा झाला. पोरगी तो चेहरा घेऊन तशीच स्टेजवर गेली.

सोमवारी ती कुठे गेली नाही. वेळापत्रक तिने स्वतःच फाडून टाकलं आणि पोहायला जायला लागली. भाऊजी हल्ली आवाज न करता जेवतात. पण आम्हा दोघींशी ती अजून कामापुरतंच बोलते. परवा पोहण्याच्या तलावाकडे गेले, तर ती काठावर त्या दोघी मैत्रिणींबरोबर बसून खो खो हसत होती, पाणी उडवत, पाय आपटत. मी दिसले तशी गप्प झाली.

 मी आल्या पावली मागे फिरले, म्हणजे तिला पुन्हा हसता येईल.